पीसी चालूच होत नाहीये? नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

कॉम्प्युटर चालू होत नाहीये, सगळ्यात आधी काय बघू?

आधी हे बघा की "चालू होत नाही" म्हणजे तुमच्याकडे नेमकं काय होतंय, कारण फोनवर दहा जण हे एकच वाक्य बोलतात आणि दहा जणांचा प्रॉब्लेम वेगळा निघतो. बटण दाबल्यावर काहीच होत नाही, लाईट नाही पंखा नाही आवाज नाही, हा एक प्रकार. पंखा जरासा फिरतो आणि लगेच थांबतो हा दुसरा. आणि पंखे मस्त फिरतायत, लाईट लागलेत, पण स्क्रीन काळीच, हा तिसरा आणि सगळ्यात जास्त दिसणारा. पहिल्यात करंट कुठेतरी अडतोय, दुसऱ्यात बहुतेक वेळा शॉर्ट आहे, तिसऱ्यात करंट आत पोचलाय पण मशीन स्वतःची तपासणी पूर्ण करू शकत नाहीये. तुमचा कुठला ते ठरवल्याशिवाय काहीही विकत आणू नका. अंदाजाने पार्ट बदलत बसलं की खिसा रिकामा होतो आणि मूळ बिघाड तिथेच असतो.

बटण दाबलं तर काहीच नाही, एकदम मेल्यासारखं. काय करू?

भिंतीपासून सुरू करा आणि आत आत जात राहा. पहिलं म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड, स्पाइक गार्ड, यूपीएस सगळं बाजूला काढा आणि पीसीची पॉवर केबल सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा, जमलं तर दुसऱ्या खोलीतल्या. "पण त्याच बोर्डावर मोबाईल चार्ज होतोय ना" असं सगळे म्हणतात, पण मोबाईलच्या चार्जरला अगदी थोडा करंट लागतो, आतला कॉन्टॅक्ट सैल झालेला असला तरी तो चालतो, पीसी चालेलच असं नाही.

मग कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसवर (भिंतीतला करंट पीसीला लागेल तसा बदलून देणारा डबा) छोटा स्विच असतो, एका बाजूला रेघ आणि दुसऱ्या बाजूला गोल, रेघेची बाजू दाबलेली पाहिजे. हसू नका, घरात साफसफाई झाली, दिवाळीला कॅबिनेट सरकवलं, की हा स्विच हमखास बंद झालेला सापडतो. पॉवर केबल मागे पूर्ण आत ढकला, अर्धी बाहेर असेल तर वरून कळत नाही. मॉनिटरची पॉवर केबल बऱ्याचदा अगदी तशीच असते, ती पीसीला लावून बघा, केबल खराब आहे का ते मिनिटभरात कळतं.

एवढं करून काही नाही झालं तर केबल काढून ठेवा, पॉवरचं बटण वीस-तीस सेकंद दाबून धरा, परत केबल लावा आणि चालू करून बघा. यात जादूटोणा काही नाही, आत कॅपॅसिटरमध्ये अडकून राहिलेला चार्ज निघून जातो आणि एसएमपीएसचं प्रोटेक्शन लागून ते अडकलं असेल तर सुटतं. लाईट जाऊन आल्यावर बंद पडलेली बरीच मशिन्स एवढ्यावरच उठतात.

मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर) बारीक लाईट लागलाय, मग एसएमपीएस चांगलंच असणार ना?

अर्धंच. भिंतीतला स्विच चालू असला की पीसी बंद असतानाही एसएमपीएस एक ५ व्होल्टची स्टँडबाय लाईन देत राहतं, जांभळी वायर, तिच्यावर तो लाईट लागतो आणि तिच्याच जिवावर बटण काम करतं. मुख्य १२ व्होल्ट वेगळ्या भागातून येतात, ते मेलेले असू शकतात. पण लाईट आहे म्हणजे भिंत, केबल, मागचा स्विच हे सगळं सुटलं, शोध आत सरकला. लाईट अजिबातच नाही आणि सॉकेट-केबल चांगले आहेत, तर संशय सरळ एसएमपीएसवर. (काही बोर्डांवर असा लाईट मुळातच नसतो, म्हणजे मॅन्युअलमधलं चित्र एकदा बघून घ्या.)

यूपीएसवर लावलं की चालू होत नाही, सरळ लावलं की होतं. पीसी खराब का यूपीएस?

यूपीएस. साध्या घरगुती यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत दमते, उकाड्यात त्याच्याही आधी. बॅटरी पूर्ण मेली की काही यूपीएस लाईट असतानाही चालूच होत नाहीत. दुसरं, ६०० व्हीए लिहिलंय म्हणजे ६०० वॉट नाही, साधारण ३६० वॉटच्या आसपास धरा, त्यात ग्राफिक कार्डवालं मशीन, मॉनिटर आणि वर प्रिंटर जोडला तर ते ओव्हरलोड होऊन बीप मारत बंद पडणारच. लेझर प्रिंटर तर यूपीएसवर कधीच लावू नका, तो तापताना एकदम भरपूर करंट ओढतो.

मागे लाल रंगाचा ११५/२३० असा छोटा स्विच आहे, तो कशाचा?

हात लावू नका. आपल्याकडे २३० व्होल्ट आहे, तो २३० वरच पाहिजे. ११५ वर करून इथे लावलं की एसएमपीएस मोठ्या आवाजासकट उडतं, फ्यूज आणि कॅपॅसिटर सगळंच. अमेरिकेत मात्र उलटं, तिथे तो चुकून २३० वर राहिला तर काही जळत नाही, फक्त मशीन चालू होत नाही किंवा मध्येच बंद पडतं. म्हणून अमेरिकेतल्या नातेवाइकांनी जुना डेस्कटॉप पाठवला किंवा सोबत आणला तर लावायच्या आधी हा स्विच बघा. नवीन चांगल्या एसएमपीएसला हा स्विच नसतो, ती १०० ते २४० मध्ये आपोआप जुळवून घेतात.

रात्री वीज कडाडली / लाईट गेली आणि आली, तेव्हापासून बंद आहे. सगळंच गेलं का?

बहुतेक वेळा फक्त एसएमपीएस गेलेलं असतं, आणि ती चांगली बातमी आहे, कारण त्याचं कामच ते आहे. आत फ्यूज असतो, व्होल्टेज उसळलं की शॉर्ट होऊन फ्यूज उडवणारा एक पार्ट असतो, तो स्वतः मरतो आणि मागचं वाचवतो, म्हणजे चांगल्या कंपनीचं असेल तर. हलक्या एसएमपीएसमध्ये पैसे वाचवायला हा पार्ट टाकलेलाच नसतो, मग पुढे मदरबोर्डपर्यंत धक्का पोचतो.

गावाकडे एक प्रकार वारंवार होतो, खांबावर न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची वायर, तुटतो. मग तीन फेजचं गणित बिघडतं आणि घरातल्या २३० चे ४०० च्या जवळ होऊ शकतात. बल्ब एकदम लख्ख होतात, पंखे जोरात फिरतात, असं दिसलं की विचार न करता मेन स्विच बंद करा. साधा स्पाइक गार्ड याला काही करू शकत नाही, तो क्षणभराच्या झटक्यासाठी असतो.

वीज पडली असेल तर अजून एक बघा, इंटरनेटची केबल. करंट फक्त पॉवरच्या वायरने येतो असं नाही, गच्चीवरून आलेल्या लॅन केबलने येऊन मदरबोर्डचं लॅन पोर्ट जाळतो आणि कधी कधी त्यात अख्खा बोर्ड बसतो. ढग गडगडायला लागले की दोन्ही केबल काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, त्यामुळे पण बंद पडेल का?

पडायचं तेव्हा पडेल, आधी तुमची काळजी करा. घरात अर्थिंग नाहीये किंवा तीन पिनच्या प्लगला दोन पिनचा जुगाड केलाय असा त्याचा अर्थ. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडासा करंट बॉडीवर येतो, तो अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला हवा, वायर नाही म्हणून तुमच्यातून जातो. इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि अर्थिंग तपासून घ्या, पीसी दुरुस्तीपेक्षा हे आधी. अर्थिंग नीट असूनही येत असेल तर एसएमपीएसमध्येच लीकेज आहे, ते वापरू नका.

पॉवर बटणच खराब असेल तर कसं कळणार?

हे सगळ्यात सोपं. कॅबिनेटच्या बटणाकडून एक बारीक दोन वायरची केबल मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात येते, तिच्यावर पॉवर स्विच असं लिहिलेलं असतं. ती काढा आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून काढा. चालू झालं तर बटण गेलंय. बाजूच्या पिनांना नको, त्या दोनच, मॅन्युअल बघून. इथे ५ व्होल्टच्या वर काही नसतं त्यामुळे शॉकची भीती नाही. रिसेटचं बटण चांगलं असेल तर त्याची केबल तिथे लावून टाका आणि रिसेटने पीसी चालू करा, लोक वर्षानुवर्षं असं वापरतात.

एसएमपीएस चेक करायला यूट्यूबवर ते पेपर क्लिपवालं दाखवतात, ते करू का?

करा, पण नीट. आधी मागचा स्विच बंद, केबल काढलेली. मदरबोर्डचा मोठा २४ पिनचा कनेक्टर आणि बाकी सगळे कनेक्टर काढा. मोठ्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते, तिच्या पिनमध्ये क्लिपचं एक टोक आणि शेजारच्या कुठल्याही काळ्या वायरच्या पिनमध्ये दुसरं. मग केबल लावून स्विच चालू. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान जागं होतंय. आता नवीन एसएमपीएसमध्ये लोड नसताना पंखा मुद्दाम बंद ठेवतात, म्हणून एक जुना कॅबिनेट फॅन किंवा हार्ड डिस्क जोडून बघा. सगळ्या वायरी काळ्याच असतील तर रंगावरून नाही, पिनच्या चित्रावरून.

पण पंखा फिरला म्हणजे पास असं नाही. मल्टिमीटर असेल तर पिवळीवर ११.४ ते १२.६ च्या मध्ये, लाल वर ४.७५ ते ५.२५, नारंगीवर ३.३ च्या आसपास आलं पाहिजे. याच्या बाहेर असेल तर गेलं. आत असेल तरी लोडवर कोसळू शकतं, म्हणून खरी टेस्ट म्हणजे मित्राचं चालू असलेलं एसएमपीएस अर्धा तास उसनं आणणं.

आणि एसएमपीएस उघडायचं नाही. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि केबल काढल्यावरही काही वेळ राहू शकतो. ज्याला हे काम येतं त्याच्यासाठी ठीक, बाकीच्यांनी बदलून टाकायचं.

पंखा अर्धा सेकंद फिरतो आणि थांबतो. परत बटण दाबलं की परत तेच.

एसएमपीएसला कुठेतरी शॉर्ट दिसतोय म्हणून ते स्वतःला बंद करतंय. एक एक गोष्ट काढत जा. ग्राफिक कार्ड, हार्ड डिस्क, डीव्हीडी, पुढचे यूएसबीचे कनेक्टर, जास्तीचे पंखे. प्रत्येक वेळी केबल काढूनच. फक्त बोर्ड, प्रोसेसर, त्याच्यावरचा कूलर आणि एक रॅम (मेमरीची पट्टी) राहिली की बघा. शेवटचं काढलेलं काहीतरी काढल्यावर चालू झालं तर चोर तोच. पुढच्या यूएसबी पोर्टमध्ये वाकलेली पिन असली तरी असं होतं, लहान मुलं पेन ड्राइव्ह उलटा घुसवतात त्याचा परिणाम.

तरीही नाही तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवा आणि चालू करा. पुठ्ठ्यावर चालतंय आणि कॅबिनेटमध्ये नाही म्हणजे मागून कुठेतरी पत्र्याला टेकतंय, एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर धरणारा छोटा खांब) चुकीच्या जागी आहे किंवा स्क्रू पडून बोर्डाखाली अडकलाय.

पाच-दहा सेकंद किंवा मिनिटभर चालून बंद पडत असेल तर मात्र कूलर बघा. इंटेलच्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या पिना असतात, त्यातली एक सुटली की कूलर एका बाजूने उचलला जातो आणि प्रोसेसर तापून स्वतःला वाचवायला बंद होतो.

पंखे फिरतात, लाईट आहेत, पण डिस्प्ले येत नाही.

आता खरी गंमत. आधी मूर्खासारखं वाटणारं: मॉनिटर चालू आहे का, त्याचं इनपुट एचडीएमआयवर आहे का, केबल कुठे लावलीये. वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर केबल त्या कार्डाला लावायची, वर मदरबोर्डच्या पोर्टला नाही. उलट कार्ड काढून टेस्ट करायचं असेल तर प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक आहे का बघा, इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल, म्हणजे १२४००एफ वगैरे, तर नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६०० ला पण नाही. अशा मशीनमध्ये कार्ड काढल्यावर डिस्प्ले येणारच नाही आणि लोक उगाच बोर्डला दोष देतात.

मग रॅम. काळ्या स्क्रीनमागे बहुतेक वेळा हीच असते. केबल काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातला स्टॅटिक घालवा, रॅम काढा, सोनेरी पट्टीवर साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा (शाई खोडायचा खरबरीत नको, तो सोनं खरवडतो), रबराचा चुरा झटका, स्लॉटमध्ये ब्रशने धूळ काढा, आणि टक असा आवाज येईपर्यंत दाबून बसवा. दोन रॅम असतील तर एकच लावा, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये. नाही झालं तर दुसरी रॅम, मग दुसरा स्लॉट. कंटाळवाणं आहे पण पैसे लागत नाहीत आणि कोकणात, मुंबईत जिथे दमट हवेने पट्टी काळी पडते तिथे अर्ध्या केसेस इथेच संपतात.

त्यानंतर प्रोसेसरच्या वरच्या कोपऱ्यातला ४ किंवा ८ पिनचा पॉवर कनेक्टर. तो नसला तर पंखे फिरतात आणि बाकी काही होत नाही. ग्राफिक कार्डाला वेगळी पॉवर लागते, ती पण बघा. मग गोल सेल, सीआर२०३२, पाच मिनिटं काढून परत बसवा म्हणजे बायोसची (मशीन सुरू करून देणाऱ्या बोर्डमधल्या प्रोग्रामची) सेटिंग मूळ जागी येतात, ओव्हरक्लॉक करायला (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायला) किंवा रॅमचा स्पीड वाढवायला गेल्यावर बंद पडलं असेल तर हाच उपाय.

नव्या बोर्डांवर चार बारीक लाईट असतात, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक), बूट (विंडोज सुरू होणं). कुठला अडकून राहतो ते बघितलं की अर्धा शोध संपतो. व्हीजीए वर अडकला तर कार्ड, बूट वर अडकला तर हार्ड डिस्क किंवा विंडोज, म्हणजे मशीन चांगलं आहे.

बीप वाजतायत, त्याचा अर्थ काय?

बायोसच्या कंपनीप्रमाणे बदलतो, तरी थांबत थांबत सतत वाजणाऱ्या लांब बीप बहुतेक वेळा रॅमच्या, आणि एक लांब दोन छोट्या म्हणजे बऱ्याच बोर्डांवर ग्राफिकच्या. बीप येतीये म्हणजे बोर्ड जिवंत आहे. आजकाल बोर्डसोबत तो छोटा स्पीकर देत नाहीत, दुकानात अगदी स्वस्तात मिळतो, घेऊन ठेवा.

नवीन पीसी स्वतः असेम्बल केलाय, पहिल्यांदाच चालू करतोय आणि स्क्रीन काळी.

डीडीआर५ (नव्या प्रकारची रॅम) असेल, खास करून रायझन ७००० किंवा पुढचा, तर आधी थांबा. पहिल्यांदा बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे तिच्याशी स्वतःला जुळवून घेतो, आणि त्याला काही मिनिटं लागतात, जास्त रॅम असेल तर अजून, तोवर स्क्रीन काळीच. लोक घाबरून मध्येच बंद करतात आणि ते परत पहिल्यापासून सुरू होतं. चहा करून या.

जुना स्टॉकमधला बोर्ड आणि नवा प्रोसेसर अशी जोडी असेल तर बायोस जुनं असू शकतं, बी४५० बोर्डवर रायझन ५००० प्रोसेसर लावताना हे खूप जणांचं झालं. बोर्डला मागे बायोस फ्लॅशचं बटण असेल तर पेन ड्राइव्हने अपडेट होतं, प्रोसेसर चालत नसला तरी.

दोन-तीन महिने बंद होता, पावसाळ्यानंतर चालू होत नाहीये.

उघडून आधी नुसतं बघा. मुंग्यांचं घर, झुरळं, एसएमपीएसच्या मागच्या जाळीतून आत गेलेली पाल, उंदराने कुरतडलेली वायर, हे सगळं सापडतं. बोर्डवर पांढरी-हिरवी बुरशी किंवा गंज दिसला तर करंट देऊ नका. तसं काही नसेल तर धूळ ब्रशने काढा, पंख्यासमोर किंवा कोरड्या खोलीत दिवसभर उघडं ठेवा, मग लावा. गोल सेल पण बदला, तीन व्होल्टचा सेल मेला की तारीख जुनी दाखवतो आणि काही बोर्ड तर त्यावरून सुरूच होत नाहीत.

बोर्डवरचे छोटे डबे, म्हणजे कॅपॅसिटर, वरून फुगलेले किंवा गळलेले आहेत का तेही बघा. २००० नंतरच्या काही वर्षांत खराब कॅपॅसिटरचा माल जगभर गेला होता आणि पेंटियम ४ च्या काळातले कितीतरी बोर्ड त्यात गेले. चांगला कारागीर कॅपॅसिटर बदलून देतो.

सेकंड हँड डेल किंवा एचपी घेतलाय, त्याला साधं एसएमपीएस बसेल का?

बहुतेक नाही. डेलच्या ऑप्टिप्लेक्ससारख्या ऑफिसच्या मशिनचा कनेक्टर वेगळा असतो, २४ पिनचा नाही, आणि आकारही वेगळा, म्हणून मॉडेल नंबर सांगूनच घ्या. या मशिनची एक गोष्ट मात्र आवडते, बऱ्याच डेलच्या एसएमपीएसला मागे छोटं टेस्टचं बटण असतं, दाबलं आणि हिरवा लाईट लागला तर एसएमपीएस ठीक. पुढच्या बटणाचा नारंगी लाईट ज्या पॅटर्नने चमकतो त्यावरून बिघाड कळतो, पॅटर्न मॅन्युअलमध्ये असतो.

माझा डेटा गेला का?

बहुतेक नाही, पीसी चालू न होणं आणि डेटा जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या पीसीला लावली की फोटो दिसतात. मोठ्या साडेतीन इंची डिस्कला यूएसबी केबल घेताना सोबत पॉवर अडॅप्टर असलेलीच घ्या, तिला १२ व्होल्ट लागतात, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. विंडोज ११ मध्ये मात्र डिस्क लॉक असू शकते, आणि मदरबोर्ड बदलला तर ते ४८ आकडी रिकव्हरी की (लॉक उघडायचा नंबर) मागतं, ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, आधी काढून ठेवा.

दुकानात नेलं तर "मदरबोर्ड गेला" म्हणतात. खरं मानू का?

विचारा की कसं कळलं. दुसरं एसएमपीएस लावून बघितलं का, दुसरी रॅम लावली का, एवढंच विचारा, समोरच्याच्या उत्तरावरून कळतं. चांगला माणूस तुमच्यासमोर लावून दाखवतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत पार्ट घ्यायला गेलात तर बिल घ्या, वॉरंटी बिलावर लिहून घ्या, आणि बदललेला जुना पार्ट परत मागा. हार्ड डिस्क शक्यतो घरी काढून ठेवा, चालू न होणाऱ्या मशीनची दुरुस्ती करायला ती लागत नाही.

बोर्ड खरंच गेला असेल आणि मशीन डीडीआर३ च्या, म्हणजे जुन्या रॅमच्या काळातलं असेल तर त्याच्यावर जास्त खर्च करू नये असं माझं मत. जुना बोर्ड वापरलेलाच मिळतो आणि किती टिकेल कोणी सांगत नाही. एसएमपीएस गेलं असेल तर मात्र बिनधास्त बदला, आणि ते हलकं घेऊ नका, वर ४५० वॉट छापलेलं असतं आणि हातात घेतलं तर रिकाम्या डब्यासारखं लागतं ते तर नकोच. चांगलं घेतलं तर पुढच्या मशीनलाही चालतं.